नरांच्या तळ्यावरचे मामा

मासा हातात घेतला की मामा त्याच्याकडे बघत नसत. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ते अडीच-तीन किलोचं धूड डाव्या काखेशी धरायचं, मान दुसरीकडे वळवायची आणि उजव्या हाताचा अंगठा माशाच्या छातीजवळच्या पंखासारख्या परावरून सावकाश ओढायचा. दाराआड कोणी बोलतंय आणि आपण ऐकतोय, असा चेहरा. मग म्हणायचे, "आला." किंवा, "लेकरू हाय अजून." आणि मासा परत पाण्यात.

"बघत का नाही तुम्ही, मामा?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

"डोळा लोभी असतो, ताई. मोठा मासा दिसला की लगेच हो म्हणतो. अंगठ्याला लोभ नाय."

आमचं मत्स्यबीज केंद्र नाशिकच्या बाहेर, गंगापूर धरणाच्या अंगाला, द्राक्षबागांच्या मधोमध होतं. मालकांनी दोन एकर बाग काढून तिथे तळी खणली होती. मालकांना सगळे दादा म्हणत. पावसाळ्याआधी रोहूचे नर आणि माद्या वेगवेगळ्या तळ्यांत ठेवायच्या, त्यांना पेंड आणि भाताचा कोंडा घालून तयार करायचं, आणि पाऊस लागला की इंजेक्शन देऊन अंडी घ्यायची, असं ते काम. नरांचं तळं मामांकडे होतं. बारा वर्षं होतं. मामा हरसूलच्या बाजूचे. मामी गावी भाताची शेती बघायच्या आणि हे हंगामभर केंद्रावरच्या खोलीत राहायचे.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून तिथे लागले. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून. नर मासा वयात येताना त्याच्या शरीरात काय काय घडतं यावर मी परीक्षेत पाच पानं लिहिली होती. मेंदू, पिट्युटरी, टेस्टोस्टेरॉन, बाण काढून आकृती. पण वडिलांच्या वयाच्या माणसासमोर त्यातलं एक वाक्य मराठीत बोलायचं म्हटलं की माझे कान गरम व्हायचे. शब्दच नव्हते, आणि जे होते ते उच्चारण्यासारखे वाटत नव्हते.

म्हणून मी "हं" म्हणत असे. तुमच्याही ओळखीत अशी एखादी मुलगी असेल. ती "हं" म्हणते, आणि त्याचा अर्थ हो आहे, नाही आहे, माहीत नाही आहे की आता पुरे आहे, हे समोरच्यानं ठरवायचं असतं. घरी, कॉलेजात, पाहुण्यांत मला तेवढ्यावर भागवता आलं होतं.

मामांना मात्र बोलायला फार आवडे. वयात आलेल्या नराचा पर आतल्या बाजूनं खरबरीत होतो, मादीचा गुळगुळीत राहतो, हे त्यांनी मला माझं बोट धरून दाखवलं. "ह्याला तुमच्या पुस्तकात काय म्हणत्यात?"

"ट्युबरकल्स."

"टुबर..." त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात फिरवला. "नको. खरखर बरी. माशालाबी कळंल."

नराचं पोट हलकं दाबलं की पांढरा थेंब येतो, त्याला ते दूध म्हणत. पण दाबून बघायला त्यांची सक्त मनाई होती. माझ्या पुस्तकात नेमकं उलटं लिहिलं होतं, की आधी दाबून खात्री करा. मामा म्हणायचे, "रोज रोज दाबलं तर जनावर नासतं. ज्या दिवशी मागायचं, त्या दिवशीच मागायचं. पर खरखरीत हाय म्हणजे आत दूध हायच." बारा वर्षं ते खरं ठरलं होतं, त्यामुळे दादाही कधी मध्ये पडत नसत.

नरांना ते जावई म्हणायचे. पेंडीची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर आले की हाक असायची, "चला जावईबापू, पानं वाढली." त्यांना स्वतःला दोन मुलगे, मुलगी नाही. "आमच्या घराला जावई नाय. म्हणून दादानं हे दिले. मान लय, काम वर्षातनं एक दिवस." मग स्वतःच हसायचे. मी मान खाली घालून पाण्याचं तापमान लिहायची.

त्या वर्षी ज्येष्ठ महिना अधिक आला होता.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे तिलापियाची पिल्लंही व्हायची. तिलापियात नर लवकर वाढतो, म्हणून पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे नराचं हार्मोन मिसळलेलं खाद्य देतात, म्हणजे बहुतेक सगळी पिल्लं नर होतात. हे खाद्य मी हातमोजे घालून मिसळायची, सावलीत वाळवायची आणि निळ्या पिंपात भरायची. मे महिन्यात त्या पिल्लांत रोग आला आणि दादांनी ते काम थांबवलं. पिंप अर्धं उरलं. ते टाकून द्यायचं, जमिनीत खोल पुरायचं, हे माझं काम होतं. मी उद्यावर ढकलत राहिले.

मामांना उरलेलं अन्न टाकलेलं खपत नसे. एका सकाळी ते पिंपाजवळ उभे होते. मी टेबलाशी नोंदी करत होते.

"ताई, ह्या खाद्यानं पिल्लं नर होत्यात ना?"

"हं."

"मग जे नरच हायेत त्यांना घातलं तर? आणखी पक्के होतील?"

मला प्रश्न स्वच्छ ऐकू आला. उत्तरही मला येत होतं, निदान अर्धं तरी. पण त्यासाठी वृषण म्हणायला लागलं असतं, वीर्य म्हणायला लागलं असतं, आणि मामा खाट ओढून बसले असते आणि आणखी विचारत राहिले असते. मला वाटलं, ते सहज विचारताहेत. मी वहीतून मान वर केली नाही.

"हं," मी म्हटलं.

अधिक महिन्यात जावयाला धोंडे करून घालतात, हे तुम्हाला माहीत आहे. मामांनी नरांना धोंडे घातले. पिंपातलं खाद्य, कणीक आणि गूळ एकत्र मळून त्याचे गोळे. रोज तेहतीस, कारण अधिक महिन्याचं वाण तेहतिसाचं. संध्याकाळी बांधावर उकिडवे बसून एकेक गोळा मोजून पाण्यात सोडायचे. दादा एकदा बघून म्हणाले, "मामा, पुरण घातलं का आत?" मामा म्हणाले, "पुरणापेक्षा महागाचं हाय." दादा हसत निघून गेले. मामा कशाबद्दल बोलताहेत हे दादांना कळलं नाही. मला कळलं.

मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. अधिक महिना सरत आला तेव्हा मी घरी जुन्या वह्या काढल्या आणि ते पान सापडलं. बाहेरून हार्मोन मिळत राहिलं तर मेंदूला वाटतं, शरीरात पुरेसं आहे. तो आतलं काम थांबवतो. माझ्याच अक्षरात होतं, खाली लाल रेघ मारलेली. दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेले. मामांनी मला तळ्यावर हाक मारली, एक नर काढून माझ्यापुढे धरला. "बघा तरी ताई. मृग नुकता लागलाय, आणि पर कसा झालाय." माझ्या बोटाला तो पर पॉलिश पेपरसारखा लागला. असा मी आधी कधी पाहिला नव्हता. मामांचा चेहरा उजळला होता. बांधावरून दादा म्हणाले, "मामा, ह्या वर्षी तुमचाच पहिला नंबर."

मी पुन्हा गप्प बसले. वहीतलं पान चूक असेल, असं स्वतःला समजावलं. पर खरखरीत आहे म्हणजे आत दूध आहेच, हे मामांचं वाक्य मी माझ्या सोयीनं उसनं घेतलं.

अधिक महिना संपला, चार दिवस सलग पाऊस झाला आणि दादांनी दिवस ठरवला. पेठकडच्या एका मच्छीमार संस्थेला त्यांच्या पाझर तलावात सोडायला बीज हवं होतं; बारा घरांचं वर्ष त्या तलावावर होतं. त्यांनी दोनदा फोन करून विचारलं होतं. संध्याकाळी आम्ही सहा माद्यांना इंजेक्शन दिलं. एकदा मादीला इंजेक्शन दिलं की मागे फिरता येत नाही. सकाळी अंडी येतात, आणि ती तेव्हाच घ्यावी लागतात.

सकाळी साडेसहाला पहिल्या मादीनं अंडी दिली. कोरड्या प्लास्टिकच्या टबात ती साबुदाण्यासारखी पडत गेली. मी कोंबडीचं पीस हातात घेऊन तयार होते. दूध पडलं की त्यानं हळूच ढवळायचं.

मामांनी पहिला नर घेतला. अंगठा फिरवला, मान हलवली. मग टबावर धरून पोटावरून बोट खाली ओढलं.

काही आलं नाही.

"थंडीनं असंल," मामा म्हणाले. पुन्हा बोट ओढलं. पारदर्शक पाण्याचा एक थेंब आला. दादा म्हणाले, "दुसरा घ्या."

दुसरा. तिसरा. चौथ्या वेळी मामांनी मान वळवली नाही. ते सरळ माशाकडे बघत होते. पर इतका खरबरीत की त्यांच्या अंगठ्याच्या कडेला ओरखडा उठला होता, आणि पोटातून थेंब नाही. माझ्या हातातल्या टबातली अंडी चमकत होती. त्यांना फार वेळ नसतो. दुसऱ्या मादीचीही अंडी सुटायला लागली. दादा घड्याळाकडे बघत नव्हते, पण त्यांच्या कपाळाची शीर मला दिसत होती.

"मामा."

"थांबा दादा. एवढा एक."

तो एक म्हणून त्यांनी नऊ नर बघितले. शेवटी दादा स्वतः कडेच्या तळ्याकडे धावले. तिथे तीन म्हातारे नर साधी पेंड खाऊन पडून होते. त्यातल्या एकानं चार थेंब दिले. ते पहिल्या टबात पडेपर्यंत उशीर झाला होता. दुपारपर्यंत बहुतेक अंडी पांढरी पडली. दोन माद्या अंडी पोटातच अडकून मेल्या. मामांनी त्या उचलून बांधावर ठेवल्या आणि त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं.

दादा ओरडले नाहीत. त्यांनी संस्थेला फोन करून अजून थोडं थांबा म्हणून सांगितलं आणि मग विचारलं, "नरांना काय घातलं?"

"खाद्य माझ्याच हातचं हाय, दादा."

"पेंड-कोंडाच ना?"

मामा निळ्या पिंपाकडे गेले आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. दादांनी झाकण काढलं. तळ दिसत होता. त्यांना कळायला जरा वेळ लागला. "हे? हे औषधाचं? महिनाभर? कोणाला विचारून?"

मी मामांपासून चार पावलांवर होते. पीस अजून माझ्या हातात होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पिंपावरचा हात काढून पंच्याला पुसला.

"कोणाला नाय. माझ्या मनानं."

दादा म्हणाले, "उद्यापासून तळ्यावर येऊ नका. फाटक सांभाळा."

त्यानंतरचे तीन आठवडे मला दिवसागणिक आठवतात. माझी स्कूटर दिसली की मामा उठायचे, फाटक पूर्ण उघडायचे आणि बाजूला उभे राहायचे. "या मॅडम." त्याआधी मी ताई होते. ते रागानं म्हणत नसत, रागानं म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. मी दादांच्या ऑफिसच्या पायरीपर्यंत रोज एकदा जायची. वाक्यं तयार असायची, आधी इंग्रजीत, मग मराठीत. पायरीवर कोणीतरी भेटायचं, किंवा दादा फोनवर असायचे, किंवा तसं काहीच नसायचं आणि मी परत फिरायची. नरांच्या तळ्यावर आता मीच पेंड टाकत होते. हार्मोन बंद केल्यावर ते सुधारतील असं दादांना मीच सांगितलं होतं. दूध का आलं नाही तेही मी सांगितलं. कोणाच्या शब्दामुळे झालं तेवढं सोडून.

एका दुपारी पाऊस उघडला होता. मामांनी फाटक उघडलं, पण बाजूला झाले नाहीत.

"मॅडम, वेळ असला तर एक सांगता का?"

मी स्कूटर बंद केली.

"खरखर व्हती. मी बारा वर्षांत अशी पाहिली नाय. मग दूध का नाय आलं? रोज इथं बसून तेवढाच विचार करतो."

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी स्टँड लावला. शेजारच्या बागेतली पाण्याची टाकी समोर दिसत होती.

"मामा, विहिरीची मोटर आणि टाकी असते ना. टाकीत पाणी कमी झालं की ऑटो स्विच मोटर सुरू करतो. भरली की बंद."

"बरं."

"माशाच्या मेंदूत तसाच स्विच असतो. रक्तात नराचं हार्मोन कमी झालं की तो वृषणांना सांगतो, काम करा. मग तिथे हार्मोनही बनतं आणि दूधही बनतं." मी तो शब्द बोलले आणि काहीच झालं नाही, मामा ऐकत होते. "आता तुम्ही टाकी रोज टँकरनं भरली, तर?"

मामा टाकीकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "मोटर सुरूच व्हायची नाय."

"पर खरखरीत होतो तो टाकीतल्या पाण्यानं. ते पाणी विहिरीचं की टँकरचं, हे पराला कळत नाही."

"आन् दूध विहिरीतच असतं." त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "म्हणजे अंगठा खोटा नव्हता. त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं."

"मामा, तुम्ही मला विचारलं होतं. पिंपाजवळ. मी 'हं' म्हटलं."

"आठवतंय मला."

"मग तुम्ही दादांना सांगितलं का नाही?"

त्यांनी फाटकाची कडी हातात धरली होती. ती त्यांनी एकदा वर केली आणि परत खाली ठेवली.

"मी काय केलं ते मी सांगितलं. तुमचं तुम्ही सांगायचं व्हतं. मी त्या दिवशी वाट पाहिली. मग म्हटलं, उद्या सांगतील." त्यांनी कडी सरळ केली. "एवढं आज नीट सांगितलंत. त्या दिवशी दोन शब्द बोलला असता, तरी मला कळलं असतं, ताई."

मी सरळ ऑफिसात गेले. दादा जेवत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, प्रश्न, हं, वहीतलं पान, आणि पिंप पुरायचं माझं काम. मराठीत सांगितलं. दादांचा घास हातात राहिला.

"हे आज सांगताय, मॅडम? काल संध्याकाळी त्यांचा हिशेब करून टाकला मी. आजचा त्यांचा शेवटचा दिवस आहे."

म्हणजे मामांना फाटकावर ते ठाऊक होतं. दादांनी तसंच उठून खिडकीतून हाक मारली. फाटक उघडं होतं, खुर्ची रिकामी होती. खोलीत गोधडी नव्हती. अर्ध्या तासानं फोन लागला तेव्हा मामा हरसूलच्या गाडीत होते. दादा म्हणाले, "मामा, मला आत्ता कळलं. परत या. मीच न्यायला येतो." मी समोर उभी होते. फोनमधून गाडीचा खडखडाट येत होता आणि मामांचा आवाज तुटत होता. "पोरीनं सांगितलं का? बरं झालं. आता भाताची आवणी सुरू हाय, दादा. ती एकटी हाय तिकडं." दादांनी दोनदा पुन्हा सांगून पाहिलं. मग मला म्हणाले, "तुम्ही कामाला लागा."

मी लागले. जुलैच्या शेवटी आम्ही पुन्हा दिवस धरला. या वेळी मी आदल्या दिवशी प्रत्येक नर हलकेच दाबून पाहिला. पुस्तकात सांगितलं होतं तसं. काहींना अजून काही नव्हतं. पण सकाळी पाच नरांनी दूध दिलं, घट्ट, पांढरं, आणि मी ते पिसानं अंड्यांत हळूच ढवळलं. चौथ्या दिवशी पेठची माणसं टेम्पो घेऊन आली आणि फुगवलेल्या पिशव्यांतून बीज घेऊन गेली. जाताना त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "ते म्हातारं कुठं गेलं? अंगठेवालं?" दादांनी टेम्पोचं मागचं फळकं लावून घेतलं.

टेम्पो वळणापलीकडे गेल्यावर मी मामांना फोन केला. मामींनी उचलला. मागे पाण्यात चालण्याचे आवाज, बायकांचं बोलणं, कोणीतरी बैलाला हाकारत होतं.

"ते खाचरात हायेत. हात चिखलात हायेत त्यांचे. काय सांगू?"

"सांगा, नरांनी दूध दिलं."

मामींनी ते मोठ्यानं बांधावरून सांगितलं. बायका हसल्या. लांबून काहीतरी आवाज आला.

"कुठल्या तळ्यातल्या, इचारत्यात."

"त्यांच्याच."

"तुमच्याच, म्हणत्यात," मामी ओरडल्या.

मी वाट पाहिली. पाण्याचा आवाज येत राहिला. मला अजून बोलायचं होतं, आणि या वेळी शब्द तयार होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय नाय," मामी म्हणाल्या. "उभे व्हते जरा. आता वाकले परत."